मागच्या बाकासाठी सोपा प्रश्न

“हा प्रश्न तुमचा?”

सरांनी माझी पाठाची टाचणवही दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी. समोर आम्ही सगळे बी.एड.चे छात्राध्यापक. सरांनी मोठ्यानं वाचलं, “वीज खापरखेड्यात तयार होते, दिवे नागपुरात लागतात. मग राख खापरखेड्यातच का राहते?” आणि प्रश्नापुढं मी लिहिलेल्या ‘विश्लेषण’ या शब्दावर लाल रेघ मारली.

“कुठून उतरवलात?”

“माझाच आहे सर.”

“अहो, तुमच्या लोकांचं पाठांतर चांगलं असतं. तेवढं करा. कोळसा कुठे सापडतो? सावनेरला. संपलं. विश्लेषण वगैरे ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, त्यांच्यावर सोडा.”

वर्ग हसला. आणि मी? मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, दात काढून. वरून म्हणालो, “थँक्यू सर.” आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केला. पण अपमान करणाऱ्याचे आभार मानायला अंगात खास गुण लागतो. तो माझ्यात होता.

सत्तरनंतरची ती वर्षं. नागपूरचं एक अध्यापक महाविद्यालय. बाप खापरखेड्याच्या वीज केंद्रावर कोळसा उपसायचा. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. बापानं सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलेलं, “पोरगा मास्तर होऊन राहिला.” म्हणजे पास होणं भाग. वार्षिक पाठ बिघडला की वर्ष गेलं आणि नोकरीही.

तेव्हा शिक्षणात एक नवी गोष्ट आली होती. विचार करण्याचे थर. सगळ्यात खाली ज्ञान, म्हणजे नुसतं आठवून सांगणं. मग आकलन, उपयोजन, विश्लेषण, आणि त्याच्या वर आणखी दोन. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. सायकलवर पायडल मारत घोकायचो. पण पुस्तकात ते थर प्रश्नांचे होते. आमच्या सरांनी माणसांचे केले.

आम्ही जिथं शिकवायचा सराव करायचो, त्या सराव शाळेतल्या प्रत्येक वर्गाचा एक बैठक-तक्ता सरांकडे असायचा. चौकटीत मुलाचं नाव, नावाखाली एक अक्षर. ज्ञा, आ, उ, वि. ज्याचं जे अक्षर, त्याला त्याच थराचा प्रश्न. ‘वि’वाले पुढे, ‘ज्ञा’वाले मागे. आम्ही तक्ता टेबलावर ठेवायचा आणि बघून बघून प्रश्न वाटायचे. रेशनच्या दुकानात कार्ड बघून साखर देतात ना, तसे.

माझं अक्षर सुरेख. म्हणून आठवीचा नवा तक्ता उतरवायचं काम मला मिळालं. मी फुगलो! शाई आणली, फूटपट्टी आणली. तीन नावं नव्यानं दाखल झालेली. त्यांनी शाळेत एकही पेपर दिला नव्हता. सरांना विचारलं, “यांच्याखाली काय लिहू?”

“आडनावं वाचता येतात ना?”

येत होती. पहिल्या दोघांखाली ‘वि’ लिहिलं. तिसरी मुलगी. तिचं आडनाव माझंच. नात्यातली नव्हती, पारशिवनीकडची कुणी. मी ‘ज्ञा’ लिहिलं. वळणदार. खाली फूटपट्टीनं रेघ मारली. वर फुंकर मारून शाई वाळवली.

तिचं नाव कुंदा. पुढच्या सराव पाठाला ती शेवटच्या बाकावर. तक्ता बघून तिला विचारलं, “महाराष्ट्राची उपराजधानी कोणती?”

“जिथं आपन बसून राहिलो तेच नं जी.”

वर्ग खिदळला. त्यानंतर तासभर तिचा हात वर. प्रत्येक ‘का’ला वर. मी पुढच्या रांगांकडे बघत राहिलो. घंटा झाली तशी ती टेबलाशी आली.

“गुरुजी, मी हात वर करून राहिली होती. तुमी पाहून राहिले होते.”

“वेळ नव्हता.”

“त्या चष्म्यावाल्या पोट्ट्याले तं तीनदा इचारलं. त्याले येऊन नव्हतं राहिलं तरी. मले काहून नाही?” तिनं तक्त्यावर आपल्या नावाखाली बोट ठेवलं. “हे कोनं लिवलं?”

“सरांनी.”

खोटं. शुद्ध खोटं.

तिनं तक्त्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे, जिथं मी धडा लिहिला होता. “अक्षर तं तुमचंच हाय,” म्हणाली आणि गेली.

तेरा वर्षांची पोर. दोन अक्षरं शेजारी ठेवून तिनं मला उघडं पाडलं, आणि मी तिला आठवून सांगण्याच्या कप्प्यात कोंबलं होतं. सरांनी मला जे केलं तेच मी तिला केलं. सरांना निदान त्याचा पगार मिळत होता. मी फुकट केलं.

वार्षिक पाठाचा दिवस. मागे सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. विषय दगडी कोळसा. वहीत सरांच्या पसंतीचे प्रश्न, टेबलावर तक्ता. मी तक्ता उचलला, चार घड्या करून खिशात कोंबला. घाईत खडूही आत गेला. मग भर पाठात आपलेच खिसे चाचपत उभा! पोरं हसली. खडू सापडला.

“कुंदा, वीज खापरखेड्यात होते, दिवे नागपुरात लागतात. मग राख खापरखेड्यातच का राहते?”

ती उठली.

“वीज तारेनं नेतेत जी. राखबी ट्रकनं नेता येते. पन ज्याचा दिवा लागते, त्याच्या भाकरीवर राख पडत नाही. मंग तो काहून नेईन?”

“थांबा!” मागून सर उठले. “हा प्रश्न टाचणात नाही. आणि हिला का विचारलात?”

आवाज फाटला, बांग बिघडलेल्या कोंबड्यासारखा. पण निघाला.

“सर, खाली बसा. माझा पाठ चालू आहे. तिचं बोलणं अजून संपलं नाही.”

या खेपेला कुणी हसलं नाही.

दुपारी सरांनी खोलीत बोलावलं. कोरा कागद पुढे सरकवला. “उद्धटपणाबद्दल माफी लिहा. मग पासापुरतं बघू.”

बाप आठवला. कॉलनी आठवली. लपवत नाही, पेनाचं टोपण काढलंही होतं. परत लावलं.

“नाही लिहिणार.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ द्या.”

गेलं. निकाल घरी सांगितला तेव्हा बाप जेवत होता. “काहून गा?” सगळं सांगितलं. तक्त्याचंही, माझ्या अक्षराचंही. त्याचा घास हातातच राहिला.

“त्या पोरीले सांगतलं का, तूच लिवलं म्हून?”

“नाही.”

“मंग आंधी ते सांगून ये. पास-नापास मंग पाहू.”

गेलो. शाळेच्या फाटकाशी तिला गाठून सांगितलं. ती म्हणाली, “मले मालूमच होतं.” माफ केलं असं काही म्हणाली नाही. का म्हणावं?

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. तेच कॉलेज, तेच सर. पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, “सर, आडनाव बघून अक्षर द्यायचा तो तक्ता मी उतरवणार नाही. टेबलावर ठेवणार नाही. दुसऱ्या कुणी ठेवला तर फाडीन. तुम्ही हवं तितक्यांदा नापास करा. मी दरवर्षी येईन.”