पांढऱ्याखालचं सोनं

मामाच्या लॉन्ड्रीत कुणी पांढरा शर्ट टाकला, की तो आधी खिडकीशी जायचा. शर्ट दोन्ही हातांनी ताणायचा, तिरका धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. समोरून न दिसणारा डाग तिरक्या उजेडात दिसतो, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. जेवायला बसल्यावरही तो माझी कॉलर तिरकीच बघायचा.

हीच नजर पुढे त्याने सापांवर लावली.

इस्त्रीच्या खोलीमागे बॉयलरची उबदार कोठी होती. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गाव सोडून जाताना त्याचा बॉल पायथन तिथे ठेवून गेला. बिनविषारी, आखूड अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. पण रंग काय! काळ्या नक्षीमधून नुसतं पिवळंधमक सोनं. मामाने नाव ठेवलं पहिलवान. भाडेकरूने पत्ता दिला नाही, मामाने मागितला नाही.

"त्यापेक्षा सवत आणली असती," मामी म्हणाली, "तर निदान भांडी तरी घासली असती."

मग काय, एकाचे पाच झाले. काही वर्षांनी पहिलवान म्हातारा होऊन गेला. मामाने त्या दिवशी दुकान उघडलं नाही, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं बॉयलर बिघडलाय. मागे पहिलवानाची एकच लेक उरली होती, कापशी. अंगभर पांढरी, डोळे निळे. पांढरेपणाचा जीन आई आणि बाप दोघांकडून आला, की पिल्लू असं होतं. बाकीचे रंग त्याखाली दडून बसतात. बापाचं सोनं हिच्यात उतरलंय की त्याच्याबरोबरच गेलं, या एका प्रश्नाने मामा झुरायला लागला.

कापशीला खिडकीशी घेऊन तो तिरकी धरायचा. "मानेवर बघ, पिवळट झाक आहे."

"चहा सांडला असेल तुमचा."

"अगं, थोडी झाक सगळ्याच पांढऱ्यांना असते. हिची जास्त आहे का, तेवढं सांग."

"मला तुमचे बनियन कळत नाहीत पांढरे आहेत का पिवळे, आणि साप काय सांगू?"

एकदा कापशीने टाकलेली कात नीट बघता यावी म्हणून मामाने तिच्यावर कोमट इस्त्री फिरवली. कात इस्त्रीलाच चिकटली, आणि एक साहेब कॉलरवर खवल्यांची नक्षी घेऊन ऑफिसला गेले.

शेवटी पिल्लांवरूनच कळणार होतं. मामाने कापशीला जोडीदार शोधला तोही पांढराशुभ्र. "तिला शोभेल असा!" अंडी फुटली आणि बाहेर आली सगळी पांढरी पिल्लं. बघायला आलेले टाळ्या वाजवत होते, मामा मात्र टोपलीशी तोंड पाडून बसलेला.

मामी कपड्यांना गुंड्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा घातलात. टाका दिसणार कसा?"

मामा तिच्याकडे बघतच राहिला. दोन्हीकडून पांढरेपणाच आला, तर झाकण उघडणार कधी? हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण लेकीला साधा तपकिरी नवरा बघणं त्याच्या जिवावर आलं होतं.

कापशीला विश्रांती दिली, अंगावर मांस चढू दिलं. तीही आता थकत चालली होती. आणखी एकदाच अंडी देईल असं दिसत होतं. या खेपेला कोठीतला सगळ्यात साधा तपकिरी नर आला. मामा त्याला गबाळ्या म्हणायचा. लग्न लागेपर्यंत जावईबापू म्हणायला लागला.

अंडी फुटायला लागली त्या सकाळी मी तिथेच होतो. पहिलं डोकं तपकिरी. दुसरं तपकिरी. तिसरंही. मामाने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"बघा की," मामी म्हणाली.

"तू बघ. माझ्याच्याने होत नाही."

मामी वाकली. शेवटच्या अंड्याच्या चिरेतून एक ओलं, बोटाएवढं डोकं वर आलं होतं.

"हा तोच, पहिलवान," ती म्हणाली. "जेवताना माझ्याकडे असाच टक लावून बघायचा मेला."

मामाने पिल्लू तळव्यावर घेतलं. पिवळंधमक होतं. सवयीने तो खिडकीकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिरकं धरायची गरजच नव्हती.

आज लॉन्ड्रीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या पोऱ्याला मी नेहमी खिडकी उघडी ठेवायला सांगतो, आणि तो मला वेड्यात काढतो.