खुलासा येईपर्यंत

विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात एक अधीक्षक होते. कारकून म्हणून लागले आणि त्याच खोलीत केस पिकवून अधीक्षक झाले. तोंडावर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे खुलासेराव. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

परिपत्रकं काढणं हे त्यांचं काम. परीक्षेच्या तारखा हलल्या, रजेचे नियम बदलले, नवा अभ्यासक्रम आला की अध्यापकांना कळवायचं ते भाऊसाहेबांनी. दारावर 'अध्यापक सहाय्य कक्ष' अशी आणखी एक पाटी होती. अध्यापकांना काही अडचण आली तर त्यांनी यावं अशी ती जागा. खोली जिन्याच्या टोकाशी होती. खिडकीतून खालचा सायकलींचा तळ दिसे. टेबल, कपाट, पाणी उकळायची विजेची किटली आणि समोर दोन खुर्च्या, त्यातली एक जरा डुलणारी. नवीन माणूस हमखास तिच्यावरच बसे.

खुलाशांची सुरुवात जुन्या कुलसचिवांपासून झाली. ते सही आधी करत आणि विचार नंतर. बैठक संपायच्या आत परिपत्रक निघालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. त्यामुळे उत्तरपत्रिका तपासायला सगळ्यांनी ग्रंथालयाच्या सभागृहात जमावं असं परिपत्रक निघे, आणि त्या सभागृहात रंगकाम चालू असे. एकदा तर संगीताचा आणि संख्याशास्त्राचा वर्ग एकाच वेळी एकाच दालनात लागला. मग अध्यापक भाऊसाहेबांच्या खोलीत येऊन त्यांना फैलावर घेत. भाऊसाहेब मान खाली घालून ऐकून घेत, चहा देत, कोण काय म्हणालं ते मनात ठेवत आणि दोन दिवसांनी खुलासा काढत. 'उपरोक्त परिपत्रकाबाबत खुलासा करण्यात येतो की' अशी त्याची सुरुवात ठरलेली.

होता होता ती रीतच पडली. पहिलं परिपत्रक म्हणजे नुसता कच्चा खर्डा, खरं काय ते खुलाशात, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक झालं. पहिलं परिपत्रक कुणी धड वाचेनासं झालं. वाचलं तरी नावं ठेवण्यापुरतं. पण नावं ठेवायला म्हणून का होईना, माणसं खोलीत येत. डुलणाऱ्या खुर्चीवर बसून वेळापत्रकाला शिव्या देता देता कुणी मुलाच्या आजारपणाचं बोलून जाई, कुणी अडकलेल्या संशोधनाचं. सहाय्य कक्षाचं काम चाले ते असं. नुसती पाटी वाचून 'मला मदत हवी' म्हणत आत आलेला अध्यापक भाऊसाहेबांनी कधी पाहिला नव्हता.

घरीही त्यांची हीच तऱ्हा होती. बायको म्हणे, यांचा पहिला शब्द नुसता ऐकायचा, धरायचा दुसरा. लेक फोनवर विचारी, "बाबा, हे पक्कं सांगताय की अजून खुलासा आहे?" मेहुण्याच्या थट्टेला तर खंडच नव्हता. दाजींनी लग्नाला होकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दारात हजर झाले, काय तर म्हणे होकार पक्का आहे हे सांगायला. आमच्या वडिलांना वाटलं नकार द्यायला आले, ते मागच्या दारानं निघून गेले होते, असं तो दर समारंभात सांगे. भाऊसाहेब हसत. स्वभावच असा की बोललेलं बरोबर होतं का, याचा घोर त्यांना बोलून झाल्यावर लागे.

जुने कुलसचिव निवृत्त झाले आणि त्यांचं काम बघायला उपकुलसचिव म्हणून एक मॅडम आल्या. कामाला वाघ. आवाज कधी चढत नसे, टेबलावर कागद साचत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भाऊसाहेबांना बोलावून घेतलं आणि जुन्या परिपत्रकांची फाइल पुढे ठेवली. एवढे खुलासे का, असं त्यांनी सरळ विचारलं. यापुढे परिपत्रक एकदाच निघेल, ते बरोबर असेल आणि खुलासा निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. भाऊसाहेबांना ते पटलंही. इतकी वर्षं हे आपल्यालाच कसं सुचलं नाही, म्हणून ते थोडे खजील झाले.

याच मॅडमनी एक मोठं काम केलं होतं. रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांच्या आईची स्मरणशक्ती गेली होती. सकाळी शेजारीण लक्ष ठेवी, पण दुपारनंतर घरात कुणी नाही आणि बाईंची प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत. एकदा म्हातारी गॅस चालू ठेवून घराबाहेर पडली आणि बस थांब्यावर सापडली. माहेरी चालले आहे, असं तिथल्या लोकांना सांगत होती. बाईंनी हे भाऊसाहेबांना सांगितलं तेही प्रयोगशाळेच्या वेळांच्या एका परिपत्रकावर भांडायला आल्या होत्या तेव्हा. नोकरी सोडावी लागणार असं दिसतंय, असं त्या उठता उठता म्हणाल्या होत्या.

घरी ज्यांच्यावर असा भार आहे त्यांना एका सत्रापुरते निम्मे तास द्यावेत, असा प्रस्ताव भाऊसाहेबांनी त्यानंतर जुन्या साहेबांपुढे पुन्हा पुन्हा ठेवला. कशावरही सही करणारे साहेब यावर मात्र करीनात, कारण हे विद्यापरिषदेत मांडावं लागलं असतं. मॅडमनी तो मांडला आणि मंजूर करून आणला. परिषदेनं अट घातली ती एवढीच, की योजना आधी एका सत्रापुरती राहील, आणि येत्या शुक्रवारपर्यंत एकही अर्ज आला नाही तर तिची गरज नाही असं समजून ती बंद होईल.

सोमवारी भाऊसाहेबांनी परिपत्रक लिहिलं. पुन्हा पुन्हा वाचलं, मॅडमना दाखवलं. मॅडमनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. ईमेलनं ते सगळ्यांना गेलं आणि खालच्या फलकावर टाचण्या मारून लागलं. त्यांच्या सबंध नोकरीतलं हे पहिलं बिनचूक परिपत्रक. घरी जाऊन त्यांनी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, उद्या बघू.

मंगळवारी खोलीत कुणी फिरकलं नाही. भांडायलाच काही नव्हतं. बुधवारीही तेच. अर्जांची पेटी रिकामी. किटली एकदाच लागली, ती त्यांच्या स्वतःसाठी.

बुधवारी दुपारी ते अध्यापकांच्या खोलीत गेले. भौतिकशास्त्राचे सर डबा उघडून बसले होते. त्यांची जीभ तिखट होती.

"या भाऊसाहेब. खुलासा घेऊन आलात ना?"

"नाही सर. या वेळी खुलासा नाही. आहे ते परिपत्रकच अंतिम."

"असं कसं? गेल्या वर्षी रजेच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. घाई करून अर्ज दिला आणि तोंडावर आपटलो. तुमचा पहिला कागद मी आता चष्मा न लावताच वाचतो."

बाकीचे हसले. रसायनशास्त्राच्या बाई खिडकीशी बसून वह्या तपासत होत्या. भाऊसाहेब त्यांच्याकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले की तुम्ही अर्ज देऊन टाका. बाईंनी अर्ज भरून ठेवला होता. पर्समधून काढून त्यांनी तो दाखवलाही. पण निम्मे तास म्हणजे निम्मा पगार का, नोकरीत खंड धरणार का, हे सगळं खुलाशात येईलच, मग देते, असं त्या म्हणाल्या. पगार पूर्ण मिळेल आणि खंड धरणार नाहीत, हे परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे, असं भाऊसाहेबांनी सांगितलं.

"लिहिलंय हो. तुम्ही तेव्हाही लिहिलं होतं, बाळंतपणाच्या रजेचं. त्या भूगोलाच्या बाई अर्ज देऊन बसल्या आणि तिसऱ्या दिवशी नियम फिरला. रागवू नका भाऊसाहेब. माझं एकदा चुकलं तर आईकडे कोण बघणार? खुलासा आला की त्याच मिनिटाला देते."

भूगोलाच्या बाईंचं खरं होतं.

ते तसेच मॅडमकडे गेले. मॅडम दुसऱ्या बैठकीचे कागद लावत होत्या. भाऊसाहेबांनी खुलासा काढायची परवानगी मागितली.

"परिपत्रकात काही चुकलंय?"

"नाही."

"काही संदिग्ध आहे?"

"नाही मॅडम."

"मग खुलासा कशाचा करणार?"

भाऊसाहेबांनी त्यांना समजेल तसं सांगितलं. इथे खुलासा आल्याशिवाय कुणी हलत नाही, सवय झाली आहे, शुक्रवार उलटून जाईल.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ही सवय त्यांना कुणी लावली, भाऊसाहेब?"

"मीच."

"मग ती मोडायची केव्हा? आज तुम्ही खुलासा काढलात तर पुढची दहा वर्षं माझा एक कागद कुणी वाचणार नाही. एखादी योजना गेली तर जाऊ दे. पुढच्या वर्षी पुन्हा आणू."

त्यांचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. खोलीत परत येऊन भाऊसाहेब बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. पुढच्या वर्षीपर्यंत म्हातारी दुपारची कुणाच्या हवाली, याचं उत्तर मॅडमच्या बोलण्यात नव्हतं. पण ते विचारण्याचं आपलं धाडस तिथे झालं नाही, हेही त्यांना दिसत होतं.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पाळणाघर चालवायची, दिवसभर मुलांच्या मागे धावून दमलेली. तिनं भात वाढता वाढता विचारलं, मग आता काय करणार? बघू, असं ते म्हणाले. "हा पहिला शब्द झाला," ती म्हणाली, "दुसरा सकाळी कळेल मला."

गुरुवारी सकाळी भाऊसाहेब नेहमीपेक्षा लवकर आले. खुलासा लिहायला त्यांना वेळ लागला नाही. 'उपरोक्त परिपत्रकाबाबत खुलासा करण्यात येतो की त्यात कोणताही बदल नाही. तास निम्मे, पगार पूर्ण, नोकरीत खंड नाही. अर्जाची मुदत उद्या संपते.' उपकुलसचिवांच्या नावाची ओळ त्यांनी घातली नाही. खाली स्वतःची सही केली, ईमेल पाठवला आणि जाऊन स्वतःच्या हातानं फलकावर टाचण्या मारल्या. मग मॅडमच्या टेबलावर एक प्रत नेऊन ठेवली, म्हणजे त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको.

दुपारपर्यंत पेटीत अर्ज पडू लागले. पहिला रसायनशास्त्राच्या बाईंचा होता. भौतिकशास्त्राचे सरही आले. त्यांच्या भावाला पक्षाघात झाल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, भाऊसाहेबांनाही नाही. अर्ज पेटीत टाकून ते म्हणाले, "बघा, म्हटलं होतं ना खुलासा येणार म्हणून," आणि डुलणाऱ्या खुर्चीवर जरा वेळ बसून राहिले.

मॅडमनी शुक्रवारी संध्याकाळी बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या. योजना टिकली हे त्यांनाही बरं वाटलं होतं आणि तसं त्या म्हणाल्याही. पण सांगितलेलं डावलून कागद निघाला होता आणि ते सोडून देता येणार नव्हतं. परिपत्रकं यापुढे त्या स्वतः काढणार होत्या. भाऊसाहेबांकडे फक्त सहाय्य कक्ष राहील. तुम्हाला काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. भाऊसाहेबांनी नाही म्हटलं. दारापर्यंत जाऊन ते थांबले, पण परत फिरले नाहीत.

नंतरच्या दिवसांत त्यांना काम असं उरलं नाही. मॅडमची परिपत्रकं वेळेवर आणि नेटकी निघत. लोक ती वाचू लागले होते की नाही, ते सांगणं कठीण. खोलीकडे मात्र कुणी येईना. भाऊसाहेबांनी डुलणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून ती नीट केली.

सत्र सुरू झालं त्या दिवशी दुपारी रसायनशास्त्राच्या बाई आल्या. हातात मंजुरीचा आदेश होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, बसल्या, आणि खुर्ची डुलली नाही म्हणून एकदा खाली वाकून पाहिलं. भाऊसाहेबांनी किटली लावली.

आदेश सकाळीच हातात पडला, असं बाई म्हणाल्या. दुपारचं प्रॅक्टिकल आजपासून दुसऱ्या सरांकडे. ते सर वर प्रयोगशाळेत जाऊन उभे आहेत. शेजारीण दोननंतर थांबणार नाही म्हणाली आहे. सगळं झालंय, पण पाय निघत नाही.

"हे अंतिमच ना, भाऊसाहेब? की थांबू अजून दोन दिवस?"

भाऊसाहेबांनी आदेश उचलून वाचला. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.

"जा तुम्ही घरी," ते म्हणाले. "आता खुलासा काढणारं कुणी नाही."

बाईंनी आदेशाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि उठल्या. चहा तयार व्हायचा होता. भाऊसाहेब खिडकीशी गेले. सायकलींच्या गर्दीतून बाईंनी आपली सायकल ओढून काढली. फाटकाशी त्या एकदा थांबल्या, पर्स चाचपली, आणि मग घराच्या रस्त्याला लागल्या.