तिसऱ्या दिवशीचा हात

आमच्या खोलीत किस्से का साचतात, त्याचं कारण सोपं आहे. इथं माणूस दोनदा येतो. पहिल्या दिवशी टीबीच्या तपासणीची सुई घ्यायला आणि तिसऱ्या दिवशी हात दाखवायला. मधल्या दोन दिवसांत त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी जमतंच. घरी ऐकणारं कुणी नसलं की ते आमच्याकडं येतं. मी लॅब टेक्निशियन, जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात. व्हरांड्याच्या पार टोकाला आमची खोली. बाहेरच्या बाकावर दुसऱ्या विभागाचा पेशंट कधी बसत नाही. खोलीत मी आणि आमचे शिपाई सलीमभाई, एवढेच.

*

तीर्थपुरीचे एक किराणा दुकानदार, सत्तरीचे. सुई घेतली आणि बाकावर बसले. दुपारी मी डबा खायला निघाले, तरी आपले हाताकडं बघत बसलेले.

"गाठ आली न्हाई मॅडम अजून."

मी शेजारी बसून सांगितलं. टीबीचा जंतू आपल्याच पेशींच्या आत लपून बसतो. तिथं रक्तातल्या अँटीबॉडीचं फारसं चालत नाही, टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी लागतात. ज्या टी पेशींनी तो जंतू आधी ओळखलेला असतो, त्या अंगभर फिरत असतात. सुईतून त्याचा अंश दिला की त्या तिथं येतात, दुसऱ्या पेशींना बोलावून घेतात, आणि त्या गर्दीची गाठ होते.

"चालत येतात काका. दोन-तीन दिवस लागतात."

ते म्हणाले, "दोन दिवसांत येतात म्हंता? आमचा पोरगा पुण्याहून दोन वर्सं झाले, नुस्तं येतो येतो म्हंतोय."

*

अंकुशनगरकडं ऊसतोडीला आलेली एक बाई. नवऱ्याला टीबी निघाला म्हणून तिचीही तपासणी केली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. बहात्तर तास उलटले की सुई वाया जाते. मग सलीमभाईंच्या मोटरसायकलवर बसून मी उसाच्या फडात गेले.

तिनं हात पदराला पुसून पुढं केला. लाली मोजायची नसते, घट्टपणा मोजायचा असतो. त्यामुळं बोटांनी चाचपत, गाठीच्या कडा शोधत, पेनानं खुणा करत हात बराच वेळ धरून ठेवावा लागतो.

"एवढ्या लांब नुस्ता हात बघायला आल्त्या का बाई?"

"हो."

"माझा हात इतका वेळ लग्नात बी कुणी धरला न्हवता."

सलीमभाई उसाकडं बघायला लागले.

*

एक ट्रक ड्रायव्हर. एचआयव्ही निघाला तेव्हापासून घरच्यांनी त्याचं ताट वेगळं केलेलं, अंथरूण पडवीत. तिसऱ्या दिवशी त्याचा हात एकदम सपाट. खूश होऊन म्हणाला, "पास झालो ना?"

डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. "पास नाही. बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या मदतनीस टी पेशीच तुझ्यात कमी झाल्यात. जंतू असला तरी हाक कोण मारणार?"

थुंकी तपासली, टीबी निघाला. दोन्ही आजारांच्या गोळ्या चालू झाल्या. त्यानं एक दिवस चुकवला नाही.

वर्षभरानं तो अंगानं भरून आला. म्हणाला, "एकदा परत सुई मारा." गरज नव्हती. पण त्या दिवशी औषधाची बाटली उघडलेलीच होती, डॉक्टर हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी गाठ आली, बारा मिलिमीटर. हात तसाच पुढं धरून तो व्हरांड्यात गेला. दाखवायला कुणी आहे का बघून आला. शेवटी सलीमभाईंनाच दाखवला.

"बराबर आलीय," सलीमभाई म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळत नाही.

*

एकदा माझीच तपासणी केली. आपला हात आपण वाचायचा नसतो, दुसऱ्यानं वाचायचा. नेमका तिसरा दिवस रविवारी आला. सलीमभाई गावाला गेल्ते, डॉक्टर सुट्टीवर. क्वार्टरमध्ये मी एकटी. शेवटी नाशिकच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि हातावर मोजपट्टी धरली.

"वाच आता, किती दिसतंय?"

ती आकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाताचं राहू दे. जरा तोंड दाखव."

*

केदारखेड्याचे एक आजोबा, घरात एकटेच. संधिवातासाठी त्यांना एक भारी इंजेक्शन लिहून दिलं होतं. त्यानं प्रतिकारशक्ती दबते, म्हणून आधी टीबीची तपासणी करतात. तिसऱ्या दिवशी गाठ अठरा मिलिमीटर. एक्स-रे मात्र स्वच्छ.

"आजार नाही बाबा," मी म्हणाले. "जंतू झोपलेला आहे. टी पेशींनी त्याला घेरून ठेवलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी लागला असेल. घरात कुणाला होता का?"

"मंडळीला," ते म्हणाले. "तीस वर्सं झाले तिला जाऊन. मीच करायचो तिचं समदं."

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मी पुढं ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही.

"ह्यानं काय होतंय?"

"झोपलेला जंतू मरतो."

ते गाठीवरून हळूहळू अंगठा फिरवत राहिले. "आन् ही गाठ? पुन्ना सुई दिली तर न्हाई येनार मंग?"

"येईल बाबा. जंतू गेला तरी टी पेशी विसरत नाहीत."

"बराबर सांगता ना?"

"बिलकुल."

त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं.

"मंग द्या गोळ्या."