मडगार्डावरची रेघ

नव्या गाडीच्या मडगार्डावरची डौलदार रेघ मामांना स्वप्नात दिसली, अशी कारखानाभर आवई होती. स्वप्न कसलं आलंय! कंपनीला जुन्या गाडीचा तोंडवळा नव्या गाडीत हवा होता आणि मामा गाड्यांचे मातीचे नमुने घडवायचे. मापं त्यांनी घरच्या जुन्या गाडीची घेतली. वडिलांनी कधीकाळी खांबाला घासून पाडलेला लांबट पोचाही इमानेइतबारे मातीत उतरवला, तोही दोन्ही बाजूंना!

चूक ध्यानात आली तेव्हा नमुना मंजूर झाला होता. साहेब आल्यागेल्याला सांगायचे, "ही रेघ म्हणजे आपला वारसा!" कुणी पाठ थोपटली की मामांना तोंड कुठे लपवू असं व्हायचं.

भाची घरी साहेबांची हुबेहूब नक्कल करायची. "आप्पला व्वारसा!"

"पुरे गं! उद्या सांगूनच टाकतो."

"तू? लाव पैज! मी हरले तर महिनाभर नक्कल बंद."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत मामा खालमानेनं म्हणाले, "साहेब, तो पोचा आहे." साहेबांच्या तोंडून नुसतं "आं?" निघालं. मामांनी नमुन्याशेजारचं माती लिंपायचं पातं उचललं आणि स्वतःच्या हातानं रेघ बुजवली.

घरी हे सांगतानाही त्यांची नजर वर होत नव्हती. ते "आं?" भाचीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पैज हरली होती, गिळलं बिचारीनं.