पान न पाडणारं झाड

नर्सरीवाल्याकडे रोपांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. रोप गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र आमच्याकडे ठेवून जातं! गोंदियाजवळ कुडव्याला माझी छोटी नर्सरी आहे आणि माझ्यासोबत सगुणाबाई काम करते. ती सालेकशाकडची. झाडांमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला जमत नाही.

एकदा एका गृहस्थांना फळ न धरणारा आंबा पाहिजे होता. का, तर आंबे लागले की पोरं दगड मारतात. सगुणाबाई पाइप हातात धरून म्हणाली, “मंग विजेचा खांब गाडा जी!”

ते गृहस्थ परत आले नाहीत. पण अशा सगळ्या गिऱ्हाइकांवर कडी केली ती गिरधरभाऊंनी.

* * *

गिरधरभाऊ धानाचे व्यापारी. माणूस दिलदार, आवाज मोठा आणि सकाळी नऊच्या आत उठणं माहीत नाही. गोंदियाचेच असल्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कुडव्यातल्या घरामागे स्विमिंग पूल बांधला. निळ्या टाइल्स, उतरायला स्टीलची शिडी, सगळं एकदम झकास. आता भोवती सावलीसाठी झाडं पाहिजे होती.

“फक्त एक गोष्ट आहे,” ते म्हणाले. “झाड असं पाहिजे, जिसका पत्ता गिरता ही नहीं!”

मी समजावलं की झाड म्हटलं की पान पडणारच. कमी पाडणारी झाडं असतात, अजिबात न पाडणारं कुठून आणू?

मागून सगुणाबाई म्हणाली, “प्लास्टिकचं घ्या ना जी.”

मी डोळे वटारले. पण गिरधरभाऊंना ते पटलं! आठ दिवसांत नागपूरहून प्लास्टिकचे दोन उंच पाम आले आणि पुलाच्या काठावर उभे राहिले. मग एका दुपारी अवकाळी वारा सुटला आणि त्यातला एक पाम कुंडीसकट पुलात गेला. आम्हाला फोन आला. मी आणि सगुणाबाई धावत गेलो. पाम पाण्यावर उताणा तरंगत होता.

सगुणाबाईने वाकून नीट पाहिलं. “पान एकबी नाई पडलं जी,” ती म्हणाली. “झाडच पडलं!”

* * *

सगुणाबाईने पूल पाहिला तो त्याच दिवशी, पहिल्यांदा. ती सगळीकडून एक चक्कर मारून आली. आमच्या भागात गावागावात तलाव, आणि शेताला पाणी द्यायला लहान लहान बोड्या. त्यामुळे तिने या निळ्या प्रकरणालाही बोडीच ठरवून टाकलं.

“बोडी चांगली हाये. पण बांधीतल्या धानाले पाणी कुठून सोडता?”

गिरधरभाऊ म्हणाले, हे पाणी शेतीचं नाही, पोहायचं आहे. तेवढ्यात तिला भिंतीला टेकवलेली लांब दांड्याची जाळी दिसली. पूल बांधणाऱ्या लोकांनी पाण्यावरची पानं काढायला दिलेली.

“असं म्हणा ना! मासोळ्या कोणत्या टाकल्या?”

गिरधरभाऊ फार दुखावले. “मासे पकडायला बांधलाय का मी? ती जाळी मी आजपर्यंत हातात नाही धरली आणि धरणार पण नाही! स्विमिंग पूल का मालिक सुबह-सुबह पत्ते निकालेगा क्या?”

जाळी कोरी करकरीत होती, हे खरं.

* * *

आता एका झाडाबद्दल सांगितलं पाहिजे.

पुलाच्या उत्तरेच्या कोपऱ्यावर एक मोह उभा आहे. तो गिरधरभाऊंच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. वहिनींचं माहेर सालेकशाच्या जंगलाकडचं. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा तुपाच्या रिकाम्या डब्यात मोहाचं रोप लावून, रेल्वेत मांडीवर धरून आणलं होतं म्हणे. तेव्हा इथे नुसता प्लॉट होता. घर नंतर झालं, पूल तर आत्ताचा.

“हे झाड होळीच्या आत काढायचं,” गिरधरभाऊंनी मला सांगितलं. “मोह फुलला की नुसता सडा! एक-एक फूल रसानं भरलेलं, चिकट. पूरा पानी खराब.”

धंद्याच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं. पुलाच्या काठी मोह लावा असा सल्ला मीही कुणाला दिला नसता. पण वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे होता, आणि त्या झाडाकडे पाहत होत्या. मला फार वाईट वाटलं. तरी मी चहा घेऊन निघून आलो, आणि त्याचंही वाईट वाटलं.

* * *

दरम्यान गिरधरभाऊंना अख्खा कुडवा सल्ले देत होता. मेहुणे म्हणाले बांबू लावा, शुभ असतो. मी म्हटलं, बांबूचं बारीक पान थेट फिल्टरमध्ये जाऊन बसतं, रोज उघडावा लागेल. व्यापारी मित्र म्हणाले रबराचं झाड लावा, पानं मोठी असतात, उचलायला सोपी. मी म्हटलं, पान सोपं आहे, पण मुळं टाइल्स उचलतील. कुणी नारळ सुचवला.

“नारळ चलेगा,” गिरधरभाऊ खूश झाले. “नारळाचं पान कुठे पडतं?”

“पान क्वचित पडतं,” मी म्हटलं. “पण नारळ पडतो. आणि खाली तुम्ही उताणे पोहत असता.”

नारळ रद्द झाला.

शेवटी त्यांच्या लक्षात आलं की पुलात सगळ्यात जास्त पानं येतात ती शेजारच्या मास्तरांच्या कडुनिंबाची, भिंतीवरून. ते तडक मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या झाडाला आमच्या बाजूने जाळी बांधा.

मास्तर रिटायर्ड, शांत माणूस. ते म्हणाले, “बांधतो. पण मग आमच्या कडुनिंबाची सावली रोज दुपारी तुमच्या अंगणात जाते, ती पण परत करा!”

* * *

सगळ्यांचं ऐकून गिरधरभाऊ वैतागले आणि त्यांनी शुद्ध व्यापारी मार्ग काढला. माल आधी तपासायचा! एक दिवस ते घरच्या सहा पांढऱ्या चादरी घेऊन नर्सरीत आले. प्रत्येक झाडाखाली एक चादर अंथरायची, चोवीस तासांनी त्यावर काय पडलं ते पाहायचं, आणि ज्याची चादर कोरी ते झाड पास.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन निकाल लावायला आले. चाफ्याची तीन पानं, नापास. बांबूची चादर दिसतच नव्हती. बदाम तर आल्या आल्या बाद. फॉक्सटेल पामची चादर कोरी निघाली, त्याच्यापुढे टिकमार्क झाला. आणि कोपऱ्यातल्या एका उंच झाडाखालची चादर इतकी स्वच्छ, की गिरधरभाऊंनी आणखी एक दिवस मुदत वाढवली. तरी एक कण नाही!

“हे बघा!” ते ओरडले. “दो दिन में एक पत्ता नहीं! हेच पाहिजे मला. पाच द्या!”

मी सगुणाबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं.

“ते मेलं हाये जी,” ती म्हणाली. “मागच्याच महिन्यात.”

गिरधरभाऊंनी कोरी चादर पुन्हा एकदा पाहिली. मग हळूच म्हणाले, “असं अजून एखादं आहे का?”

* * *

शेवटी फॉक्सटेल पामच ठरला. दहा-दहा फुटांचे चार पाम आम्ही गाडीतून नेऊन लावले. मी आधीच सांगून ठेवलं होतं की हा पाम पानं सांडत बसत नाही, महिन्यातून एखादी झावळी सोडतो, तेवढीच.

तिसऱ्या आठवड्यात गिरधरभाऊ स्वतः नर्सरीत आले. कपाळावर तिरपा लाल ओरखडा होता. ते पाण्यावर डोळे मिटून निवांत तरंगत होते, आणि पामने तेवढ्यातच महिन्याची झावळी सोडली होती. माणसाच्या उंचीची!

मी माफी मागायला तोंड उघडणार, तर सगुणाबाई आधीच बोलून गेली.

“एकच पडली ना जी?”

* * *

आणि आता मोह.

होळी जवळ आली. मोहाची जुनी पानं झडून गेली होती, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागले होते. लाकूड तोडणाऱ्या माणसाला गिरधरभाऊंनी सांगून ठेवलं. त्या दिवशी मी पामांना आधाराच्या काठ्या बांधत होतो. वहिनी बाहेर आल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत.

“नर्सरीतल्या साऱ्या झाडायची परीक्षा घेतली तुमी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मायाच झाडाची काऊन नाई घेतली?”

गिरधरभाऊ हसले. “अगं, त्याची काय परीक्षा घ्यायची? हर साल देखता हूँ मैं.”

“मंग घ्या ना. नियम सगळ्यायले सारखा. हारलं तर मी सोता कुऱ्हाड आणून देतो.”

गिरधरभाऊंना नियमाची फार कदर. शिवाय जिंकण्याची पक्की खात्री. ते म्हणाले, चला, आठ दिवस! आणि आपल्या हाताने पांढरी चादर मोहाखाली अंथरली.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला ते चहाचा कप घेऊन बाहेर आले. चादर कोरी. पाणीही निळंशार. दुसऱ्या दिवशी कोरी, तिसऱ्या दिवशीही कोरी! चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

“चमत्कार आहे राव! कुऱ्हाडीचं नाव काढलं म्हणून झाड घाबरलं! पेड को भी समझता है!”

मी म्हटलं, असेल.

पाचव्या दिवशी ऊन चढायच्या आत पामांना खत द्यावं म्हणून मी सकाळी सहालाच त्यांच्याकडे गेलो. मागचं फाटक ढकललं आणि तिथेच थांबलो. मोहाखाली वहिनी पदर खोचून बसल्या होत्या आणि चादरीवरची फुलं वेचत होत्या. दोन टोपल्या भरून झाल्या होत्या, तिसरी भरत होती. वरून टपटप चालूच होती. मोह गळतो तो पहाटे, ऊन चढलं की थांबतो. तारेवर एक धुतलेली चादर पाणी गाळत होती, दुसरी घडी करून पायरीवर तयार. मग त्या उठल्या, ती लांब दांड्याची जाळी घेतली आणि पाण्यावरची फुलं एकेक करून ओढू लागल्या. मधेच कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, तेव्हा मी त्यांना दिसलो.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमाले काई दिसलं का?”

“काही नाही दिसलं, वहिनी.”

“मंग चहा घेऊन जा.”

आठवा दिवस झाला. गिरधरभाऊंनी निकालासाठी मला आणि सगुणाबाईला मुद्दाम बोलावलं. चादर कोरी होती. सगुणाबाईने वर फुलांनी लगडलेल्या फांद्या पाहिल्या, खाली चादर पाहिली, मग वहिनींचे डागाळलेले हात पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं!

“तुमच्या नर्सरीतलं एक पण झाड असं आठ-आठ दिवस पास नाही झालं,” गिरधरभाऊ छाती काढून म्हणाले. “घरचंच निघालं नंबर वन! तोडायचं कॅन्सल. उलट आता पुलाच्या चारी बाजूला मोहच लावायचे. अजून चार मोह द्या, मोठे असतील तर मोठे!”

“चार?” वहिनी एकदम ओरडल्या. “चार कायले? एकानंच मायी कंबर मोडून राहिली!”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी पामकडे पाहू लागलो.

गिरधरभाऊंनी आधी बायकोकडे पाहिलं. मग तारेवर वाळत असलेल्या चादरीकडे, मग भिंतीला टेकवलेल्या जाळीकडे. तिच्या कडा ओल्या होत्या. मधेच एक पिवळट फूल अडकून राहिलं होतं. ते चालत गेले, फूल बोटांनी सोडवलं आणि तळहातावर घेऊन परत आले.

“झाडं राहू द्या,” ते मला म्हणाले. “ही जाळी कुठे मिळते?”

“जाळी?” मी म्हटलं. “एक आहे ना तुमच्याकडे.”

“ती तिची आहे,” गिरधरभाऊ म्हणाले. “मला एक पाहिजे.”