तोफडॉक्टर

मेलेल्या माणसासमोर तोफडॉक्टरांचा आवाज कधी चढला नाही. त्यांची सगळी आगपाखड जिवंतांवर असे, आणि रोगी मरणाच्या जितका जवळ, तितकी त्याच्या माणसांवर जास्त. कामशेतच्या आमच्या छोट्या दवाखान्यात ते कुणाला फैलावर घेऊ लागले, की बाजारातले भाताचे व्यापारी हातातला तराजू थांबवून म्हणत, "डागली तोफ. कुणीतरी उशिरा आणलेलं दिसतंय." त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

पानशेतचं धरण फुटलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी तिथे नर्स म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात विषमज्वराच्या एका रुग्णाबद्दल मी मोठ्या समाधानाने सांगितलं, "सकाळपासून तळमळत होता, आता शांत झोपलाय." साहेबांनी त्याच्या पायावरची चादर ओढली, माझं मनगट धरलं आणि माझा हात त्याच्या तळव्याला लावला. पाय गार पडले होते.

"ही झोप आहे?" अख्ख्या वॉर्डासमोर ते गरजले. "ओरडणारा पेशंट अजून भांडत असतो, सिस्टर. गप्प झालेला हरायला लागलेला असतो. एवढं कळत नसेल तर घरी जा आणि पोळ्या लाटा!"

मी रडत रडत सलाईन लावलं. तो माणूस वाचला. साहेबांनी मला ना शाबासकी दिली, ना माफी मागितली. पण त्या दिवसापासून आजतागायत, शांत झोपलेल्या माणसाच्या पायाला हात लावल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. माझ्या नातवंडांना त्याचा फार राग येतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगून घेतला होता. कुणी खालावतंय अशी नुसती शंका आली तरी तो बडवायचा, कुणाला विचारायचं नाही. तो वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं. सगळे म्हणजे साहेब, मी, कंपाउंडर नाना आणि गोदाबाई आया. सुई कुणी टोचायची, ऑक्सिजनचं नळकांडं कुणी आणायचं, खाटेच्या पायथ्याखाली विटा कुणी सरकवायच्या, सगळं ठरलेलं. एकदा इंजेक्शन बघूनच एक पैलवानगडी आडवा झाला आणि गोदाबाईने घाबरून रूळ बडवला. साहेब अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आले. बघितलं, पोट धरून हसले आणि सगळ्यांना चहा सांगितला. "गोदाबाई, असाच बडवत जा," म्हणाले. "चुकून वाजला तर चहा. उशिरा वाजला तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

हा चहा फक्त आमच्यासाठी होता. पेशंट घेऊन येणाऱ्यांच्या वाट्याला तोफच. आंदर मावळातली माणसं घोंगडीची झोळी बांबूला बांधून डोंगर उतरत यायची. खांदे सोललेले, तोंडाला कोरड. एकाने पाणी मागितलं तर साहेब म्हणाले, "पाणी नंतर. आधी सांगा, चार दिवस घरात काय करत होता? सरपण गोळा करत होता?" तो माणूस तांब्याकडे बघत उभा राहिला. पाणी गोदाबाईने मागून नेऊन दिलं.

एकदा धीर करून मी म्हटलं, "साहेब, आधीच पिचलेली माणसं ती. जरा गोड बोललात तर?"

"गोड बोललो तर पुढच्या वेळीही उशिराच येतील. भीती बसली पाहिजे, सिस्टर. भीती बसली की माणूस लवकर येतो."

मला ते पटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी साप चावलेल्या एका गड्याला आणलं. आधी भगताकडे नेऊन त्यात सकाळ घालवलेली. श्वास अडकत होता. आम्ही चौघं त्याच्याभोवती, आणि साहेबांचे हात चालू तसं तोंडही. "भगताकडे नेलंत ना? मग तिथंच ठेवायचं! मी काय इथे तुमची मढी उचलायला बसलोय? चालते व्हा बाहेर!" त्याचा भाऊ दारात कोलमडून रडत होता. गडी मात्र हळूहळू सावरला.

हात धुऊन मी व्हरांड्यात आले. फाटकाबाहेरच्या चिंचेखाली एक झोळी टेकलेली दिसली. भोवती तीन-चार माणसं उकिडवी बसलेली, एक म्हातारा टॉवेलने वारा घालत होता. मी जवळ गेले.

"काय झालंय, आबा?"

"सून हाये, चंद्रा. सकाळी बाळातीन झाली. वार पडली न्हाई, रगात थांबंना. पर आता बरं हाये. मगाशी लय कन्हत व्हती, आता झोप लागलीया."

मी झोळीत हात घातला. पाय गार होते. घोंगडीखालची माती काळी, ओली झाली होती. मी ओरडत धावले आणि रूळ बडवला.

साहेबांनी तिला स्वतः उचलून आत आणलं. शीर सापडेना, तेव्हा घोट्याजवळ कापून सुई घातली. वार हाताने काढली. रक्तस्राव थांबलासुद्धा, पण थांबायला आत काही उरलंच नव्हतं. रक्त मिळायचं ते पुण्यात. तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. एकदा तिने डोळे उघडले आणि गोदाबाईला विचारलं, "पोर कुटं हाये?" त्यानंतर ती बोलली नाही.

सगळं संपल्यावर साहेब बाहेर आले. अगदी हळू आवाजात त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्ही केव्हा आलात?"

"त्यो साप चावल्याला आत न्हेला, त्याच्या मागंच."

"मग आत का नाही आलात?"

म्हाताऱ्याने सांगताना हात जोडले होते. "तुमी त्यान्ला वरडत व्हता, सायेब. आमालाबी उशीरच झाला व्हता. म्हटलं, सायबाचा राग उतरूद्या, मंग जाऊ."

म्हातारा वाकून त्यांच्या पाया पडला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. घ्यायचं भानच नव्हतं.

त्यानंतर तोफ थंडावली. उशिरा आलेल्यांना साहेब काही म्हणत नसत. मान खाली घालून काम करत. तासातासाला गोदाबाईला फाटकाबाहेर पाठवायचे, "बघून या, चिंचेखाली कुणी आहे का." ती येऊन "न्हाई" म्हणाली तरी स्वतः जाऊन बघून यायचे. बाजारातली माणसं म्हणू लागली, डॉक्टर आता माणसात आला. होळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला.

स्टेशनवर पोचवायला बरीच माणसं आली होती. साप चावलेला गडी नारळ घेऊन आला होता. गर्दीच्या मागून चंद्राचा सासरा पुढे झाला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं होतं. आंबेमोहोराचा वास येत होता. पहाटेच निघून चालत आला होता.

साहेबांनी त्याला ओळखलं. "पोर कशी आहे?"

"तीबी गेली, सायेब. आईमागंच. दूध पचलं न्हाई." त्याने गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं. "पर तुमी लय केलं आमच्यासाटी. देवमानूस तुमी."

"काय केलं मी?" साहेब ओरडले. इतक्या महिन्यांनी तो आवाज फलाटभर घुमला, हमालसुद्धा थबकले. "सांगा ना! काय केलं मी तुमच्यासाठी? तोंडावर थुंका माझ्या! देवमाणूस कसला म्हणता?"

म्हातारा दोन पावलं मागे सरला. हात पुन्हा जोडले गेले. "चुकलं, सायेब," तो पुटपुटला. "आमचंच चुकलं."

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि लगेच नजर वळवली. गाडी आली. ते चढले आणि फलाटाकडे पाठ करून बसले. गाठोडं खालीच राहिलं.

गाडी नजरेआड झाल्यावर म्हाताऱ्याने माझ्या पदराला हळूच हात लावला.

"बाई," त्याने विचारलं, "म्या काय वंगाळ बोललो का वो?"