जिन्यात ऐकू आलेला सूर

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मी बास गिटार शिकायला घेतली, तीही बिनपडद्यांची. साध्या गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात; त्यांना पडदे म्हणतात. दोन पडद्यांच्या मधे बोट कुठेही टेकलं तरी सूर आपल्या जागीच निघतो, कारण ती जागा वाद्य बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेली असते. माझ्या वाद्याची मान मात्र सपाट, गुळगुळीत, काळपट लाकडाची. ज्वारीच्या दाण्याएवढं बोट मागेपुढे झालं की सूर घसरतो. शिवाय बासचा सूर खर्जातला. तो घसरला तर ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते नेमकं सांगता येत नाही. गाणं तेवढं नकोसं होतं.

हेच वाद्य का, असं कुणी विचारलं तर मी म्हणत असे की मला मागे उभं राहायला आवडतं. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला तर गाण्याखालची जमीन जाते. हे उत्तर मला शोभून दिसायचं. आज वाटतं, त्यात नम्रता फारशी नव्हती. "पडदेच नाहीत? मग वाजवता कसं?" असं कुणीतरी विचारावं आणि मी नजर खाली वळवून "सवयीने जमतं" म्हणावं, एवढ्यासाठीच मी ते वाद्य घेतलं असावं. जमत तर नव्हतंच.

नोकरीने मी आरेखक आहे. नगररचनेचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. जी गोष्ट रेघेने दाखवता येत नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. त्यामुळे वाद्य घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते असं, की तारेची लांबी मोजली, प्रत्येक सुराची जागा गणिताने काढली आणि मानेच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीच्या बारीक रेघा लावल्या. रेघा अचूक होत्या. पण मांडीवर वाद्य घेऊन बसलेला माणूस त्या वरून, तिरक्या नजरेने बघतो, आणि त्याला दिसणारी रेघ खऱ्या रेघेच्या किंचित अलीकडे असते. दोन वर्षं मी त्या दिसणाऱ्या रेघेवर बोट ठेवत होतो. सूर किंचित उतरलेला राही. मला वाटे, तारा स्वस्तातल्या आहेत.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. सात रस्त्याच्या चौकाजवळ त्याचं पंख्यांचं आणि दिव्यांचं दुकान आहे, आणि दुकानावरच्या खोलीत आम्ही काही जण दर रविवारी जमतो. तो गातो, एक निवृत्त शिक्षक कीबोर्ड वाजवतात, त्यांचा शेजारी तबला. आमच्या सोसायटीच्या संमेलनात यंदा आमचा कार्यक्रम ठरला. त्यातलं एक संथ गाणं मित्राने स्वतः बांधलेलं होतं, आणि त्याच्या मनात होतं की सुरुवातीला नुसता बास वाजावा. दुसरं काही नाही. मग त्याचा आवाज यावा.

"तुला जमलं तर ठिवू," तो म्हणाला. "न्हाई तर सर कीबोर्डवर काढतील की. त्यात काय लाजायचं?"

मी लाजलो नाही. मी तो सुरुवातीचा तुकडा मिळवायचाच असं ठरवलं.

खर्जाच्या सुराची एक खोड अशी, की तो वाजवणाऱ्याला जवळून नीट ऐकू येत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं म्हणजे तो खरा उमटतो. स्वतः वाजवायचं आणि स्वतःच दूर जाऊन ऐकायचं, हे कसं व्हावं? म्हणून एके संध्याकाळी मी पत्नीला बोलावलं, वाद्य तिच्या मांडीवर दिलं, कोणत्या रेघेवर बोट ठेवायचं ते दाखवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

माझी पत्नी शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या दुधनीचं. आईशी फोनवर ती अजून कानडीतच बोलते. त्या घरात कुणी गुणगुणताना चुकलं तर स्वयंपाकघरातून आई सूर दुरुस्त करून देत असे, असं तिने लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

तिने पहिला सूर छेडला, किंचित थांबली आणि बोट तारेवरच पुढे सरकवलं. सूर वर चढला आणि एका जागी बसला. गॅलरीच्या दाराची काच हलकेच थरथरली. माझ्या हाताखाली ती काच दोन वर्षांत कधी थरथरली नव्हती.

"रेघेवर ठेव," मी म्हणालो.

"रेघ चुकलीय वाटतं, अहो. सूर पुढं आहे." मग तिने डोळे मिटले आणि मी रोज घोटत होतो तो तुकडा, ऐकून ऐकून पाठ झालेला, हळूहळू वाजवला. दोनदा अडखळली, पण जिथे बोट पडलं तिथे सूर खरा होता. एका सुरावरून दुसऱ्यावर ती उडी मारत नव्हती, गाताना जावं तशी घसरत जात होती. "हे तर गाण्यासारखंच आहे की," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका सरळ होता की मला तो बघवेना.

"नवीन हाताला सुरुवातीला असं वाटतं," मी म्हणालो. "पुढे अवघड जातं."

मत्सर हा शब्द मी तोवर कार्यालयातल्या बढत्यांसाठी राखून ठेवला होता. तो घरात, संध्याकाळी, स्वतःच्या बायकोच्या बोटांकडे बघताना होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. एखाद्या परक्याने माझ्यापेक्षा बरं वाजवलं असतं तर मी त्याला गुरू तरी म्हटलं असतं. हिला काय म्हणायचं? आणि सगळ्यांत झोंबलं ते हे, की तिला ते हवं नव्हतं. मी मागितलं, मला मिळालं नाही. तिने मागितलं नाही, आणि तिला मिळालं.

तिची शाळा सकाळची. दुपारी घरी ती एकटीच असे. मी कार्यालयातून परतायचो तेव्हा ॲम्प्लिफायर कोमट लागायचा. ती लपवत नव्हती. "आज तासभर वाजवलं," असं सहज सांगायची. मी "हो का" म्हणायचो आणि तारा पुसायला घ्यायचो, जणू त्या मळल्या होत्या.

मग तो शनिवार आला. मी आतल्या खोलीत होतो, ती बाहेर तोच तुकडा वाजवत होती. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. तुकडा संपला, तिने वाद्य स्टँडवर ठेवलं आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. मी बाहेर आलो, आणि त्याच क्षणी मित्र दारात उभा. तिसरा मजला चढून आल्यामुळे धापा टाकत होता, पण चेहरा उजळलेला.

"आरं," तो म्हणाला, "मी जिन्यातच थांबलो की. दुसऱ्या मजल्यावर. म्हटलं, ही कॅसेट हाय का आपला माणूस? लई आत जाऊन लागला बघ सूर. कधी केलंस हे?"

खोलीत वाद्य होतं आणि मी होतो. मला खोटं बोलावं लागलंच नाही. मी फक्त म्हणालो, "ये, बस."

पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मित्र तिला म्हणाला, "वहिनी, उशिरा का हुईना, तुमचा माणूस सुराला लागला की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याचं बटण शोधत होतो. "हो," ती म्हणाली, "मेहनत पुष्कळ घेतात." आणि पेला भरून त्याच्या हातात दिला.

"परत एकदा वाजव की."

"बोट सोललंय," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं.

त्यानंतर तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मी वाट बघत होतो. ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने फक्त वाजवणं थांबवलं. संध्याकाळी ॲम्प्लिफायर गार लागू लागला, आणि मला बरं वाटलं. त्या पहिल्या काही दिवसांत मला खरोखरच बरं वाटलं होतं. वाद्य पुन्हा माझं झालं होतं.

रविवारी मी तो तुकडा सगळ्यांसमोर वाजवला. संपल्यावर मित्र कान खाजवत बसला.

"हे न्हवं," तो म्हणाला. "जिन्यातलं वाजव."

"हेच ते."

"हे ते न्हाई, बाबा."

कीबोर्डवाले सर गंभीरपणे म्हणाले, "मग कार्यक्रम जिन्यातच ठेवू. प्रेक्षक पायऱ्यांवर बसतील, जागेचं भाडंही वाचेल."

सगळे हसले. मीही हसलो, आणि या खोलीत आवाज घुमतो असं काहीतरी बोललो. घरी येताना लक्षात आलं की त्या हसण्यात मी एकटाच असा होतो ज्याला विनोद पूर्ण कळला होता.

त्या रात्री जेवताना मी पत्नीला विचारलं, "हल्ली वाजवत नाहीस?"

ती भाकरी मोडत होती. "वाजवलं असतं. पण पुन्हा कुणी जिना चढून आलं तर? तुम्ही इथे नसताना आलं तर?" तिने तुकडा आमटीत बुडवला. "मग तुमची पंचाईत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच माझी काळजी करत होती. मी फुकटात घेतलेली शाबासकी उघडी पडू नये म्हणून ती स्वतःचे हात बांधून बसली होती. आणि माझ्या मनाची घडण अशी, की त्या क्षणीही आधी आला तो पश्चात्ताप नव्हे. आधी मनात आलं, इथेही हीच वरचढ.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर मी मित्राच्या दुकानी गेलो. तो गिऱ्हाइकाला पंखा फिरवून दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी जिन्यात ऐकलंस ते मी वाजवत नव्हतो. ती वाजवत होती. तीही थोडंसं वाजवते."

त्याने फिरता पंखा बंद केला. "आणि तू 'ये, बस' म्हणालास?"

"हो."

"वहिनींच्या देखत?"

"हो."

त्याने खोकी उचलून फळीवर लावायला घेतली. मग म्हणाला, "त्यांना इचार, येतील का रविवारी. मी इचारणार न्हाई. तूच इचार."

घरी येऊन मी तिला सांगितलं की मी खरं काय ते बोलून आलोय.

"काय बोललात?" तिने विचारलं. "जसं बोललात तसंच सांगा."

मी शब्दशः सांगितलं. ती पेपर तपासत होती. लाल पेन तसंच धरून तिने मान वर केली.

"थोडंसं?"

चूक कबूल करायला गेलो होतो, आणि तिथेही तिच्या वाट्यातलं काढून घेतलं होतं. जाणूनबुजून नव्हे. म्हणूनच अधिक वाईट. तो शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाला होता.

"उद्या पुन्हा जातो," मी म्हणालो.

"त्यासाठी जाऊ नका. फोन करा. मी इथेच बसते."

मी फोन केला. ती समोर बसून होती. मी म्हणालो, "मघाशी चुकीचं सांगितलं. थोडंसं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. ती सुरुवात तिनेच वाजवायला हवी, आणि बाकीचं गाणंही." पलीकडून मित्र म्हणाला, "बरं," आणि मग, "जेवलास का?" इतकंच. मी फोन ठेवला तेव्हा ती पुन्हा पेपरांत गुंतली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "येते मी रविवारी. त्या रेघा मात्र काढून टाका. उगाच लक्ष जातं."

रविवारी मी ॲम्प्लिफायर उचलून वर नेला आणि भिंतीला टेकून बसलो. माझ्याजोगतं दुसरं काम नव्हतं. सरांनी तिला खुर्ची दिली, तबलेवाल्याने वायर सोडवून दिली. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मित्र गायचा राहिला. दुसऱ्यांदा सुरुवात करावी लागली, कारण तो ऐकतच बसला होता.

मी तिथे बसून काय करत होतो, तर वाट बघत होतो. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी तिचं बोट पुढे गेलं आणि सूर चढला. कुणाला कळलंही नाही. मला कळलं, आणि बरं वाटलं, उकाड्यात वारा यावा तसं. तिने पुढच्याच मात्रेला सावरलं. मी मान खाली घालून बसलो. मनातली ती गोष्ट गेली नव्हती, आणि केवळ एका फोनने ती जाईल असं मानण्याइतका मी भाबडा आता राहिलो नाही.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती, वाद्य तिच्या पाठीला. बराच वेळ आम्ही बोललो नाही. घराच्या वळणावर तिने विचारलं, "कसं झालं?"

"दुसऱ्या कडव्यात एकदा सूर चढला होता."

"ते कळलं मला. बाकी?"

गाडी फाटकाशी आली. मी ब्रेक लावला, पाय टेकला. "बाकी सुंदर झालं," मी म्हणालो. "फार सुंदर."

ती उतरली, वाद्याचा पट्टा नीट केला. "सात रस्त्यापासून इथपर्यंत लागलं तुम्हाला एवढं म्हणायला," ती म्हणाली, आणि जिना चढू लागली.